सी सॉल्ट की कम्फर्ट ग्रे? बेळगाव भागातल्या घरांसाठी थंड हिरव्या रंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासऱ्यांच्या रंगाच्या दुकानात काउंटरवर बसायला लागून मला अठरा वर्षं झाली. पूर्वी लोक शेडकार्ड मागायचे, आता मोबाइल पुढे धरतात. "वैनी, ह्यातला कुठला घेऊ सांगा की." पडद्यावर बहुतेक वेळा हीच जोडी असते, सी सॉल्ट आणि कम्फर्ट ग्रे. दोन्ही इतक्या सारख्या की कधी कधी नवरा-बायकोची दुकानातच जुंपते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून काढलीत. ज्यावर जास्त बोलावं लागतं तिथं जास्त लिहिलंय.

या शेड्स आहेत तरी कुणाच्या?

शेरविन-विल्यम्स या अमेरिकन कंपनीच्या. कंपनी १८६६ सालची, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातली. सी सॉल्टचा नंबर ६२०४ आणि कम्फर्ट ग्रेचा ६२०५, म्हणजे त्यांच्या शेडकार्डावर एकाच पट्टीवर एकाखाली एक. वर ६२०३ स्पेअर व्हाइट, खाली ६२०६ ऑयस्टर बे, आणि तसंच उतरत गेलं की ६२०८ प्यूटर ग्रीन, जो चांगलाच गडद आहे. दुसऱ्याच्या नावात 'ग्रे' आहे म्हणून तो राखाडी असेल आणि पहिला हिरवा, असं बरेच जण धरून चालतात. नावावर जाऊ नका. नावं विकायला ठेवलेली असतात.

मग दोघांत फरक काय?

कंपनी प्रत्येक शेडचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे देते. सी सॉल्टचे २०५, २१०, २०२. कम्फर्ट ग्रेचे १९०, १९५, १८७. वजाबाकी करून बघा. तिन्ही ठिकाणी उत्तर १५ येतं.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हसले, कारण त्याच दिवशी सकाळी एका जोडप्याला 'हा जास्त हिरवा, तो जास्त राखी' असं मोठ्या आत्मविश्वासानं सांगून बसले होते. रंग एकच आहे. एक फिका, दुसरा एक पायरी गडद. ताक तेच, एकात पाणी जास्त. त्यामुळे 'कुठला रंग चांगला' हा वाद इथं लागूच पडत नाही. विचारायचं ते एवढंच की तुमच्या खोलीत उजेड किती येतो आणि कुठून येतो. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

डोळ्यांपुढे आणायचंच असेल तर रुईचं पान उलटं करून बघा, ती पांढुरकी लव असलेली पाठ म्हणजे सी सॉल्टच्या जवळपास. आणि शेतातल्या कोबीचं सगळ्यात बाहेरचं पान, ज्यावर राख भुरभुरल्यासारखा थर असतो, ते अगदी फिकं केलंत तर कम्फर्ट ग्रेकडे जातं. हिरव्या चुड्याचा हिरवा मनात ठेवून आलात तर दोन्हींत निराशा होईल.

पण आमच्या बहिणीच्या घरी हाच रंग निळा दिसतो. तिला चुकीचा डबा दिला का?

बहुतेक नाही. वरचे आकडे परत बघा: दोन्ही शेड्समध्ये निळ्याचा आकडा सगळ्यात कमी आहे. कागदावर या रंगात निळेपणाची बाजू नाहीच. तरी दहातले सहा-सात लोक 'निळसर' म्हणतात आणि ते खोटं बोलत नाहीत.

असं होतं याचं कारण तिन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. रंग जवळजवळ राखाडी आहे, हिरव्याचा नुसता ओझरता स्पर्श. असा रंग स्वतःचं काही धरून ठेवत नाही, समोर येईल त्या उजेडाचं ऐकतो. ढगाळ आकाशाचा उजेड निळसर असतो, तो पडला की भिंत निळी. संध्याकाळचं तांबूस ऊन पडलं की तीच भिंत दुधट, जवळजवळ बिस्किटी. आमचा एक पेंटरमामा कन्नड बोलणारा. पहिला हात मारून झाला की दोन पावलं मागं सरकून तो दरवेळी म्हणतो, "हसिरु अल्ल, बूदी बण्ण." हिरवा नाही, राखेचा रंग. आणि दुपारी जेवून आला की म्हणतो, आता हसिरु दिसतोय.

शेजारचा रंगही खेळ करतो. फ्रान्सच्या गोबलँ विणकामशाळेत रंगांवर देखरेख करणारे मिशेल शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडून ठेवलंय, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. कारण त्यांच्याकडे तक्रारी यायच्या की काळा धागा काळा दिसत नाही, आणि धागा तर चांगला असायचा. आपल्या शहापूर-वडगावच्या विणकरांना हे सांगायला नको. उभा धागा एक आणि आडवा दुसरा घातला की धूपछाव साडी तिसराच रंग दाखवते, हे त्यांना हातमागावर बसूनच कळलेलं असतं.

बहिणीच्या घरी सागवानी दरवाजे आहेत का, ते आधी विचारा. केशरी-तपकिरी पॉलिशच्या शेजारी हा रंग हमखास निळ्याकडे झुकतो.

एलआरव्ही म्हणजे काय? नेटवर सगळे तेच लिहितात.

रंगावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत फेकला जातो, तो आकडा. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. सी सॉल्ट ६३, कम्फर्ट ग्रे ५४.

नऊचाच फरक, असं वाटतं. पण खोलीत उजेड एकदाच आपटत नाही. खिडकीतून आला, समोरच्या भिंतीवर आपटला, तिथून बाजूच्या, तिथून कपाटाजवळच्या कोपऱ्यात. तीन वेळा आपटल्यावर सी सॉल्टच्या खोलीत मूळ उजेडातला साधारण २५ टक्के उरतो आणि कम्फर्ट ग्रेच्या खोलीत १६ टक्क्यांच्या आसपास. (०.६३ तीनदा गुणा, मग ०.५४ तीनदा गुणा, फोनवर होतं.) म्हणजे खिडकीजवळ दोन्ही सारखे वाटतील, पण लांबच्या कोपऱ्यात कम्फर्ट ग्रेची खोली जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त अंधारी होते. गल्लीतल्या जुन्या घरांत, जिथं पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर अशी आगगाडी असते आणि उजेड फक्त दोन टोकांना, तिथं माजघराला कम्फर्ट ग्रे देणं म्हणजे दिवसा दिवा लावायची सोय.

उत्तरेकडच्या खोलीत थंड रंग देऊ नये म्हणतात. खरं का?

हा सल्ला जिथून आलाय तिथं खरा आहे. अमेरिका आणि युरोप कर्कवृत्ताच्या बऱ्याच वर आहेत. तिथं भरदुपारी सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, उत्तरेच्या खिडकीतून फक्त आकाशाचा निळा उजेड येतो, आणि असल्या खोलीत सी सॉल्ट थंडगार आणि मरगळलेला दिसतो.

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तेही नेमक्या पूर्व-पश्चिमेच्या थोडं उत्तरेकडे सरकून. त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन मिळतं. एप्रिल-मेमध्ये तर मिळतंच मिळतं. जून लागला की ढग येतात आणि मग सूर्य कुठं आहे हा प्रश्नच राहत नाही, चारी दिशांची खोली सारखी.

म्हणून मी गिऱ्हाइकाला दिशा विचारतच नाही. विचारते ते असं: खिडकीसमोर काय आहे? पाच फुटांवर शेजाऱ्याची भिंत आहे का? असली तर तिचा रंग कुठला? आंबा-फणस आहे का? पत्र्याचं शेड आहे का?

याची फी मी स्वतः भरलेली आहे. टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या हॉलला मी हौसेनं कम्फर्ट ग्रेच्या जवळची शेड लावली. काम मार्चमध्ये झालं आणि सगळ्यांनी वाहवा केली. खिडकीबाहेर मोठं बदामाचं झाड आहे, हे मला रोज दिसत होतं आणि तरी सुचलं नाही. मार्चमध्ये झाड अर्धं उघडं. आषाढात ते पानांनी भरलं, वर ढग, आणि पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड या भिंतींवर पडला. हॉल विहिरीच्या तळासारखा झाला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यात बेडूक तेवढे सोडायचे राहिलेत." पुढच्या वर्षी एक पायरी फिका मारून घेतला, रंगाचं दुकान घरचं असूनही मजुरी दोनदा गेली.

आम्ही खानापूरकडे राहतो / आम्ही अथणीकडे राहतो. आम्हाला कुठला?

दोन्हीकडच्या लोकांना मी उलट उत्तर देते, आणि एका जिल्ह्यात असं का हे विचारलं जातं. कारण हा जिल्हा उजेडाच्या बाबतीत एक नाहीच. जांबोटी, कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, सह्याद्रीच्या कुशीतला धो धो पाऊस, चार महिने बाहेर हिरवंगार आणि आत अंधूक. तिथं सी सॉल्ट घ्या, कम्फर्ट ग्रेच्या वाटेला जाऊ नका. हल्याळ, जोयडाकडच्या मंडळींनाही हेच.

अथणी, रायबाग, चिकोडीचा पूर्वभाग कोरडा. ऊन रखरखीत, झाडं लांब लांब. तिथं सी सॉल्ट इतका धुऊन निघतो की दुपारी बाराला भिंत पांढरीच दिसते आणि 'पैसे घेऊन चुना लावला' म्हणून फोन येतो. तिथं कम्फर्ट ग्रे शोभतो, आणि बाहेरून उन्हातून आत आल्यावर डोळे निवतात. बिदर-भालकीकडून पाहुणे विचारतात त्यांनाही मी तोच सांगते.

बेळगाव शहर, निपाणी, संकेश्वर मधोमध. तिथं घर बघूनच ठरवावं लागतं.

ट्यूबलाइट लावली की भिंत एकदम दवाखान्यासारखी दिसते. उपाय?

दिवा बदला, रंग नको.

आपल्याकडे सवयीनं ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी घेतले जातात, खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेले. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळा.) त्यांच्या उजेडात निळा भाग जास्त. जवळजवळ राखाडी असलेल्या हिरव्यावर तो पडला की रंग पाणचट निळा होतो. अमेरिकन फोटोत ज्या खोल्या इतक्या मऊ दिसतात तिथं साधारण २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे असतात. पिवळे दिवे आपल्याकडे 'अंधार वाटतो' म्हणून नाकारले जातात, तेव्हा मधला मार्ग ४००० केल्विनचा. हॉलला तो लावा, बेडरूमला ३०००. चार दिवे बदलायचा खर्च खोली पुन्हा रंगवण्यापुढे काहीच नाही.

दिवेलागणीच्या वेळी, अजून दिवा लावलेला नसताना, हा रंग उजळल्यासारखा दिसतो. तो भास नव्हे. उजेड कमी झाला की डोळ्याची सगळ्यात तीव्र संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-पिवळ्यावरून ५०७ च्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. लाल जास्वंद तेव्हा काळवंडते आणि तिची पानं उठून दिसतात, तेच हे. हा रंग आवडण्याचं अर्धं कारण मला तर ही पंधरा मिनिटंच वाटतात.

हॉस्पिटलचा हिरवा आणि हा, एकच का?

नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जननं १९१४ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या खोलीला पालकासारखा हिरवा दिला, कारण रक्ताच्या लालाकडे सतत पाहून डोळ्यांना पांढऱ्या भिंतीवर हिरवे ठिपके दिसतात आणि चकाकीनं त्रास होतो. तो हिरवा ठसठशीत होता. सी सॉल्ट त्याच्या शेजारी ठेवला तर पांढरट वाटेल. मात्र चकचकीत ऑइल पेंटमध्ये, कमरेपर्यंत पट्टा मारून हा रंग दिलात, तर सरकारी दवाखानाच होईल. तसं करू नका.

आमच्याकडे लाल कोबा आहे. शहाबादी आहे. व्हिट्रिफाइड आहे. कशावर जातो?

लाल ऑक्साइडच्या कोब्यावर मला हा रंग सगळ्यात आवडतो, पण एक गोष्ट माहीत असू द्या. लाल आणि हिरवा एकमेकांच्या विरुद्ध. जमिनीवरून उडालेला तांबूस उजेड भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पडतो आणि तिथला हिरवटपणा मारून टाकतो. खाली राखी, वर हिरवट अशी भिंत दिसते. काहींना ते सुंदर वाटतं, काहींना पेंटरनं दोन डबे वापरले असं वाटतं. खानापूर भागात जांभ्याच्या उघड्या भिंती असतात, त्यांच्या शेजारीही तसंच: जांभा आणखी लाल, रंग आणखी हिरवा.

शहाबादी आणि कडप्प्यावर डोळे मिटून चालतो. राखी दगड, राखी हिरवा, भांडण नाही.

अडचण होते ती हस्तिदंती व्हिट्रिफाइडवर, आणि नव्या फ्लॅटांत नेमकी तीच असते. त्या क्रीम झाकेपुढे भिंत निळी आणि फरशी पिवळी, मळकट वाटते. तिथं सी सॉल्ट निवडा, छत आणि खिडकीच्या कडा निव्वळ पांढऱ्या ठेवा, क्रीम पडदे मात्र लावू नका. पांढरे, करडे किंवा सरळ खणाचे गडद पडदे लावा. खणाच्या डाळिंबी रंगानं ही भिंत जशी उठते तशी दुसऱ्या कशानं उठत नाही, हे माझं मत, कंपनीचं नव्हे.

बेळगावात हा रंग मिळतो का?

त्या कंपनीचा डबा आमच्या बाजारात मिळत नाही. आपल्याकडच्या कंपन्यांच्या टिंटिंग मशीनवर जवळची जुळवणी करून मिळते. 'जवळची' हा शब्द लक्षात ठेवा. बेस वेगळा, रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे एका उजेडात तंतोतंत जुळलेली शेड दुसऱ्या उजेडात फुटू शकते.

अशा फिक्या शेडमध्ये रंगद्रव्य अगदी थोडं पडतं: थोडा काळा, थोडा पिवळा ऑक्साइड, किंचित हिरवा. थेंब इकडचा तिकडे झाला तर गडद रंगात कळत नाही, इथं कळतं. एक लिटरच्या डब्यात तर जास्तच. म्हणून मोठं काम असेल तर सगळा रंग एका दिवशी, एकाच आकाराच्या डब्यांत काढून घ्या आणि मारण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. पेंटर कंटाळा करतात. उभं राहून करून घ्या.

आणि शेडचं नाव नको, नंबर लिहा. काउंटरवर मी मराठी, पेंटर कन्नड, मशीनवरचा मुलगा हिंदी. नंबर तिघांनाही एकच कळतो.

फोनवर बघून ठरवलं तर?

नका.

मग नमुना कसा बघायचा?

भिंतीवर थेट चौकोन मारू नका. आपल्याकडे जुना रंग गुलाबी, पिस्ता नाहीतर पिवळा असतो. गुलाबीवर हा रंग मारला की तो ओरडून हिरवा दिसतो, पिस्त्यावर मेलेला राखाडी. दोन्ही खोटं.

दोन फूट बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, त्यावर पुट्टी, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोन शेड्सचे दोन बोर्ड. कडेनं दोन बोटं पांढरी पट्टी राहू द्या. ओला असताना इमल्शन फिकं दिसतं आणि वाळल्यावर एक पायरी गडद होतं, त्यामुळे निवाडा दुसऱ्या दिवशी. बोर्ड भिंतीला टेकवून उभा करा, जमिनीवर आडवा नको. आडव्यावर उजेड वेगळा पडतो. सकाळी आठ, दुपारी एक, दिवेलागण, आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. एक दिवस खिडकीजवळ, एक दिवस सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. जमलं तर एक ढगाळ दिवस गाठा.

एक इशारा. चार भिंती रंगवल्यावर रंग बोर्डापेक्षा जास्त गडद आणि जास्त हिरवा वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात. बोर्डावर दोन्हींत ठरत नसेल तर फिका घ्या. अठरा वर्षांत 'फार फिका झाला' म्हणून परत आलेले मोजके, 'फार गडद झाला' म्हणून आलेले पुष्कळ.

मॅट की शीन?

मॅटमध्ये, म्हणजे चमक नसलेल्या रंगात, हा सगळ्यात सुंदर. लहान मुलं असतील तर शीन, म्हणजे हलकी चमक असलेला, कारण तांबड्या मातीचे हात मॅटवरून पुसताना डाग पसरतो. भिंतीला उंचसखल असेल तर शीन ते सगळं जगाला दाखवेल.

देवघर, स्वयंपाकघर, बेडरूम: कुठं चालतो?

बेडरूमला उत्तम. स्वयंपाकघरात फोडणीच्या भिंतीवर टाइल्स असतील तर उरलेल्या भागाला चालेल, फक्त तेलकट पिवळटपणा वर्षभरात या रंगावर लवकर कळतो.

देवघराचं विचारतात तेव्हा खरा प्रश्न वास्तूचा असतो. उत्तर दिशा बुधाची आणि बुधाचा रंग हिरवा, त्यामुळे शास्त्र बघणाऱ्यांची हरकत सहसा येत नाही. माझी हरकत निरांजनाच्या काजळीला आहे. समईमागची हातभर जागा दगडाची किंवा टाइलची करा, मग रंग कुठलाही द्या. पितळेची समई मात्र या भिंतीपुढे झकास दिसते.

गावचं मातीच्या भिंतींचं घर आहे. त्याला हाच रंग द्यायचाय.

इमल्शन नको. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर प्लास्टिकचा थर बसला की ओल आत अडकते, फुगे येतात आणि गिलाव्यासकट पापुद्रे निघतात. नंदगडला आमच्या माहेरी आजी चुन्यात नीळ घालायची, भिंत पांढरीशुभ्र दिसावी म्हणून. एका वर्षी तिनं त्यातच चिमूटभर पिवडी टाकली. निळा आणि पिवळा मिळून जो रंग आला तो मला आज सी सॉल्टचा फोटो बघताना आठवतो. असा चुना दरवर्षी-दोन वर्षांनी मारावा लागेल, कपड्यांना पुसेल, आणि दोन बादल्या एकसारख्या होणार नाहीत. पण भिंत टिकेल. आधी दाराआड हातभर मारून, वाळवून बघा. चुना वाळल्यावर फारच फिका होतो.

गणपतीआधी करून द्याल का?

दरवर्षी श्रावणात हा फोन येतो आणि दरवर्षी मी नाही म्हणते, आणि लोक दुसरीकडून करून घेतात. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असताना इमल्शन नीट बसत नाही. पुट्टी ओली, प्रायमर ओला, वर रंग. दिवाळीपर्यंत खार फुटतो, आणि या फिक्या हिरव्यावर काळी बुरशी शाईसारखी दिसते. दसऱ्यानंतर करा, नाहीतर फेब्रुवारी ते एप्रिल. नव्या सिमेंट गिलाव्याला निदान २८ दिवस सुकू द्या. आमच्याकडच्या पावसात झालेला गिलावा असेल तर त्याहून जास्त.

बाप्पासाठी मखरामागची एक भिंत कोरडी असेल तर तेवढी करून देते.

दहा बाय बाराच्या खोलीला किती लागेल?

चार भिंतींचा घेर ४४ फूट, उंची १० धरली तर ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ६० वजा केले की ३८०. पुट्टी केलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० चौरस फूट जातं, म्हणजे सव्वातीन लिटर. चारचा डबा घ्या. खाली गडद रंग असेल तर पांढऱ्या प्रायमरवर कंजुषी करू नका, नाहीतर तिसरा हात लागेल.

लहान बाळ आहे. रंगात शिसं असतं का?

घरगुती रंगांतल्या शिशाला भारतात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आहे. नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. डब्यावर तसा उल्लेख बघून घ्या. जास्त काळजी जुन्या ऑइल पेंटची घ्या: दारं-खिडक्या पॉलिश पेपरनं कोरड्या घासल्या की जुन्या थरांची धूळ उडते. ओल्या पेपरनं घासायला सांगा आणि बाळाला आठवडाभर आजीकडे ठेवा.

दोन्ही एकाच घरात वापरले तर?

वापरा की. एकाच पट्टीवरचे असल्यानं भांडत नाहीत. उजेडाच्या हॉलला कम्फर्ट ग्रे, आतल्या खोल्यांना सी सॉल्ट असं दिलं तर सगळं घर एकाच रंगाचं वाटतं, कारण अंधारात सी सॉल्ट स्वतःच एक पायरी खाली उतरतो. एकाच खोलीत मात्र तीन भिंती एक आणि चौथी दुसरी असं नको. फरक इतका थोडा आहे की लोकांना ती सजावट वाटणार नाही, रंग कमी पडला असंच वाटेल.

दोन्ही फारच राखाडी वाटतात. जरा खरंच हिरवा हवा.

त्याच कंपनीचा ६२११, रेनवॉश्ड. त्याचे आकडे १९४, २०५, १९७ आणि एलआरव्ही ५९. यात लालाचा आकडा सगळ्यात कमी, म्हणून तो ठरवून निळसर हिरवा आहे, उजेडावर ढकलता येत नाही. खिडकीसमोर झाड असेल तर मात्र माझा बेडकांचा हॉल आठवा.

उरलेल्या रंगाचं काय करू?

अर्धा लिटर तरी ठेवाच, खिळे काढल्यावर लागतो. छोट्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात घट्ट होतो. झाकणावर खोली, तारीख आणि शेड नंबर लिहा, आणि तो नंबर झाकणासकट फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. झाकणं हरवतात.